उलटा हात

"आता उजवा पाय वर. घाई नाही," फिजिओ मॅडम म्हणाल्या.

उजवा पाय अर्धाच वर आला. गुडघा उचलला गेला, पण खालचं पाऊल लोंबत राहिलं आणि बोटं पायरीच्या कडेला अडकली. मॅडमनी त्याच्या कमरेचा पट्टा मागून धरला होता म्हणून तो तोंडावर आपटला नाही. समोर लाकडाच्या चार पायऱ्या, वर एक फळी आणि पलीकडे उतरायला पुन्हा चार पायऱ्या, एवढाच तो जिना. खोलीच्या मधोमध ठेवलेला.

"हा जिना कुणी बनवला?" त्यानं धापा टाकत विचारलं.

"का हो?"

"वर काहीच नाही. एवढं चढून माणसानं करायचं काय?"

"उतरायचं," मॅडम म्हणाल्या. "चला, पुन्हा एकदा."

चार पायऱ्यांना त्याला सात मिनिटं लागली. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवूनही त्यानं बघितलंच. शर्ट पाठीला चिकटला होता. बाकावर बसलेली बायको पाण्याची बाटली घेऊन उठली आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघून परत बसली.

सव्वीस वर्षं हा माणूस विजेच्या खांबांवर चढत होता. लाईनमन. कचेरीच्या हजेरीपटात त्याचं नाव होतं, पण ते फक्त तिथंच. बाकी सगळे त्याला खारोबा म्हणत. एकदा वाऱ्यात तुटलेली तार जोडायला तो इतका सरसर वर गेला की खालून कुणीतरी म्हणालं, अरे ही तर खार आहे. नाव चिकटलं. खरं म्हणजे लाईनवरच्या माणसांना खारींचा भारी जाच. दोन तारांना एकदम चिकटतात, स्वतः मरतात आणि अर्ध्या वस्तीला अंधारात घालतात. "सगळ्या खारी तारेवर मेल्या, आपला एवढा जगला," असं त्याचे सोबती म्हणायचे आणि तोही हसायचा.

तो तारेवर मेला नाही हे खरंच. त्याचं जे काय व्हायचं ते घरच्या नळाखाली झालं.

एका सोमवारी सकाळी तोंड धुताना त्याच्या बोटांच्या टोकांना झिणझिण्या आल्या. पायाच्या बोटांनाही. दुसऱ्या कुणी हात झटकले असते, फार तर बायकोला सांगितलं असतं. यानं सरळ जाऊन मेन स्विच बंद केला. त्याच्या मते पाण्यात करंट उतरला होता. सव्वीस वर्षं ज्याला ओळखत होता त्याला तो ओळखणार नाही असं कसं होईल?

"मला काही लागत नाही," बायको नळाखाली हात धरून म्हणाली.

"तुझ्या पायात चपला आहेत."

तिनं चपला काढल्या. "आता? आताही काही नाही."

"तुला सवय नाही. तुला नाही कळायचं."

त्यानं घरातले सगळे बोर्ड उघडले. अर्थिंगचा खड्डा उकरला, त्यात मीठ टाकलं, कोळसा टाकला, दोन बादल्या पाणी ओतलं. मंगळवारी शेजाऱ्यांचं मीटर तपासलं. शेजारी वैतागले, पण लाईनमनला नाही कोण म्हणणार? बुधवारी झिणझिण्या गुडघ्यापर्यंत आल्या, तेव्हा तो म्हणाला, जमीनच ओली आहे, सगळीकडून येतंय. मेन स्विच बंदच होता. बंद स्विचवर करंट कुठून येईल, हा प्रश्न त्यानं दुसऱ्या कुणाला दहादा विचारला असता. स्वतःला एकदाही विचारला नाही. गुरुवारी सकाळी तो पलंगावरून उठायला गेला आणि पाय त्याचे नव्हतेच. संध्याकाळपर्यंत श्वासही त्याचा राहिला नाही. तो मशीन घेत होतं.

नसांचा आजार होता. पायांतून सुरू होतो आणि वर चढत जातो. या चढणाऱ्या माणसावर तो खांबावर चढावं तसा चढला. अठरा दिवस गळ्यात नळी होती. बोलता येत नव्हतं, हलता येत नव्हतं, फक्त पापण्या मिटता येत होत्या आणि कळत मात्र सगळं होतं. नळी निघाल्यावर डॉक्टरांनी त्याला त्याच्याच भाषेत समजावलं. "तारेवरचं प्लास्टिक सोलून निघालंय असं समजा. ते हळूहळू परत येईल."

"मग नवीनच तार ओढा की," तो खरखरत्या आवाजात म्हणाला.

डॉक्टर हसले. मग त्यांनी विचारलं, "पहिल्यांदा झिणझिण्या कधी आल्या?" त्यानं सोमवार सांगितला. "सोमवारी आला असतात तर बरं झालं असतं. इतकं वर गेलं नसतं बहुतेक." बायको शेजारीच उभी होती. तिनं त्यावर आजतागायत एक अक्षर काढलं नाही. ती बोलली असती तर त्याला जास्त बरं वाटलं असतं.

आणि आता हा जिना.

आठवड्यातून तीन दिवस बायको त्याला रिक्षानं आणायची. आधी दोन दांड्यांच्या मध्ये नुसतं उभं राहायचं. मग एक पाऊल. पावलं लोंबू नयेत म्हणून पोटरीला प्लास्टिकचे साचे बांधायचे. हातांसाठी मॅडम एक रबरी गोळा द्यायच्या, तो दाबायचा, लांबवायचा, त्यात लपवलेले मणी बोटांनी शोधून काढायचे. जाड तार हाताला पीळ देऊन जोडणारा माणूस मणी शोधत बसायचा. घरी कपड्यांचे चिमटे दोरीवर लावायचे आणि काढायचे. शर्टाची बटणं लावायला सुरुवातीला पाऊण तास लागायचा. बायको दाराशी उभी राहायची, पण पुढे यायची नाही. मॅडमनी तिला बजावलं होतं.

एकदा तो न सांगता इमारतीचे तीन मजले चढून गेला. गच्चीवर पोहोचला, कठड्याला धरून उभा राहिला, आणि खूश होऊन उतरायला गेला तर मांड्यांनी सपशेल नकार दिला. दोन शेजाऱ्यांनी उचलून खाली आणला. पुढचे दहा दिवस दांड्यांच्या मध्येही उभं राहता येईना.

"थकायचं, पण दमून पडायचं नाही," मॅडम रागावल्या. "नस तुमच्या जिद्दीवर वाढत नाही. ती तिच्या चालीनं वाढते. दिवसाला केसाच्या जाडीएवढी."

"माझ्याकडे एवढे केस नाहीत, मॅडम," तो टकलावरून हात फिरवत म्हणाला.

तो विनोद नव्हता. कचेरीनं त्याला एक वर्ष दिलं होतं. वर्षाच्या आत कचेरीच्या आवारातल्या परीक्षेच्या खांबावर तो चढून दाखवू शकला तर पुन्हा लाईनवर. नाही तर तक्रारीच्या खोलीत, टेलिफोनवर. त्या खोलीला लाईनवरचे लोक अडगळ म्हणत. गुडघे गेलेले, नजर गेलेली, एकदा पडून घाबरलेली माणसं तिथं जाऊन बसत. अडगळ हे नाव ठेवणारा इसम दुसरा तिसरा कुणी नव्हता, तो खारोबाच.

दर रविवारी त्याचा जोडीदार भेटायला यायचा. दोघं अकरा वर्षं एका शिडीवर होते. हा वर, तो खाली. जोडीदार अंगानं भरलेला आणि स्वभावानं भित्रा, म्हणून खाली उभा राहायला एकदम पक्का.

"लवकर बरा हो बाबा," जोडीदार खुर्चीत मावत नसलेलं पोट सावरत म्हणाला. "तू नाहीस तर मलाच वर पाठवतात. खांब आणि माझ्यामध्ये हे पोट येतं. बेल्ट पुरत नाही."

"वर गेल्यावर उलटा हात लावतोस ना?"

"लावतो रे."

"आधी?"

"आधी. तारेला धरायच्या आधी. अकरा वर्षं तेच ऐकतोय मी."

हे उलट्या हाताचं नियमाच्या पुस्तकात नव्हतं. साहेबानं बघितलं तर तंबी मिळायची. पुस्तकाप्रमाणे लाईन बंद झाल्याचा कागद हातात घ्यायचा, तारा जमिनीशी जोडायच्या आणि कामाला लागायचं. पण कागद लिहिणारा माणूस असतो, आणि माणूस चुकीचा स्विच पाडू शकतो, म्हणजे भलतीच लाईन बंद करू शकतो. म्हणून सगळं झाल्यावरही जुनी माणसं तारेला आधी हाताची पाठ टेकवायची, नुसती पुसटशी. तळहातानं धरलं आणि करंट असला तर मूठ आवळते आणि सुटत नाही. उलटा हात मात्र झटक्यानं मागे फेकला जातो. हाताला विचारायचं आणि हात जे सांगेल ते खरं मानायचं. खारोबाच्या हातानं सव्वीस वर्षांत दोनदा हो म्हटलं होतं, आणि दोन्ही वेळा खालची माणसं त्यामुळे घरी जेवायला गेली होती. त्यातला एक हा जोडीदार.

दहावा महिना संपता संपता पावलं उचलली जायला लागली. साचे निघाले. मॅडमचा जिना तो आता दांडीला न धरता वीस वेळा चढायचा. मुठीत जोर आला. फक्त झिणझिण्या राहिल्या. कधी असायच्या, कधी नसायच्या. सकाळी चहाचा कप धरताना बोटांत मुंग्या यायच्या, तर कधी काहीच कारण नसताना मनगटापर्यंत सुरसुरी जायची.

"ते चांगलं लक्षण आहे," मॅडम म्हणाल्या. "नसा जाग्या होतायत. राहील काही वर्षं. काहींना कायमचं राहतं. त्यानं काही बिघडत नाही."

चालायला, जेवायला, बटणं लावायला त्यानं काहीच बिघडत नव्हतं. मॅडमचं अगदी बरोबर होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी बायको त्याच्या पोटऱ्यांना तेल लावत बसली होती. लावता लावता तिचे हात थांबले.

"एक सांगू? रागावू नका."

"बोल."

"तुम्ही मशीनवर होता ना, तेव्हा मी रोज मागायचे. चालता येऊ दे म्हणून. एवढंच. त्याच्यापुढचं कधी मागितलं नाही." तिनं तेलाच्या बाटलीला झाकण लावलं. "वर चढता येऊ दे, असं माझ्या तोंडून निघालंच नाही. चोवीस वर्षं वारा सुटला की मी दारात उभी राहते. हे वर्ष तेवढं घरात बसले."

त्याला राग आला. मग आपल्याला राग आलाय याची लाज वाटली. "मग काय, मी अडगळीत जाऊन बसू?"

"मी कुठं तसं म्हटलं? जा तुम्ही. चढा. मी आपलं सांगितलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता कचेरीच्या आवारात पंधरा-वीस माणसं जमली. कुणी मुद्दाम बोलावलं नव्हतं. सगळ्यांना काहीतरी काम निघालं होतं. परीक्षेचा खांब कुंपणाजवळ होता. नवीन माणसांना शिकवण्यासाठी उभा केलेला. वर आडवी पट्टी, तारा बांधायचे चिनीमातीचे कप आणि दोन खांबांमध्ये ताणलेल्या तीन तारा. त्या तारा इकडे एका खांबावर सुरू होत आणि तिकडे दुसऱ्या खांबावर संपत. त्यांना ना ट्रान्सफॉर्मर, ना फ्यूज, ना स्विच. जन्मात कधी त्यांच्यातून वीज गेलेली नव्हती, आणि हे आवारातल्या मांजरालाही माहीत होतं.

"वर जायचं, बेल्ट अडकवायचा, मधली तार कपाला बांधायची आणि खाली यायचं," साहेबांनी सांगितलं. त्यांच्या हातात फॉर्म होता. साहेब माणूस चांगला होता. पेनाचं टोपण त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं.

जोडीदार खांबाच्या बुंध्याशी उभा राहिला, नेहमीसारखा, मान वर करून.

खारोबानं पहिल्या लोखंडी खुंटीवर पाय ठेवला. पाऊल उचललं गेलं. दुसरी खुंटी, तिसरी. पूर्वी तो खुंट्या मोजत नसे, आज मोजत होता. सातव्या खुंटीवर मांडी थरथरली, तेव्हा तो थांबला आणि मॅडमनी शिकवल्याप्रमाणे दोन श्वास घेतले. अकरावी, बारावी. आणि मग तो वर होता. बेल्ट खांबाभोवती फिरवून त्यानं कडी अडकवली. एका झटक्यात अडकली. वर्षभरानं पहिल्यांदाच त्याला छपरांच्या वरची हवा लागली. पत्रे दिसले, टाक्या दिसल्या, दूर एका गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी दिसल्या. त्याला भरून आलं. खरं सांगायचं तर तो वर रडला, पण ते खालून कुणाला दिसायचं कारण नव्हतं.

मग त्यानं हातमोजा काढला आणि सवयीनं मधल्या तारेला उलटा हात टेकवला.

हाताला चावा बसला. बोटांपासून कोपरापर्यंत सणकन कळ गेली आणि हात मागे फेकला गेला.

"लाईन चालू आहे!" तो ओरडला. "चालू आहे लाईन! पाडा!"

जोडीदार पळाला. जीव खाऊन, पोट सावरत, आवाराच्या टोकाला असलेल्या स्विचच्या खोलीकडे पळाला. आणखी दोघं त्याच्या मागे पळाले. साहेबांच्या हातातला फॉर्म खाली पडला. अर्धं आवार ओलांडल्यावर जोडीदाराचे पाय मंदावले. तो थांबला. वळला. त्यानं वर खांबाकडे बघितलं, तारांकडे बघितलं, त्या जिथं संपत होत्या तिकडे बघितलं.

कुणीही हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

खारोबानं परत एकदा उलटा हात टेकवला. परत कळ गेली, जरा कमी. तिसऱ्यांदा टेकवला तेव्हा काहीच झालं नाही. मग तार तशीच असताना, हात तारेपासून वीतभर लांब असताना, पुन्हा सणक आली. तो हाताकडे बघत राहिला. हात अगदी नेहमीसारखा दिसत होता.

त्यानं मोजा घातला. तार कपाला बांधली, व्यवस्थित, पीळ देऊन. पूर्वी चार मिनिटांत व्हायचं, आज अकरा लागली. कडी सोडली आणि एकेक खुंटी उतरून खाली आला.

"झालं की!" साहेब घाईघाईनं म्हणाले. फॉर्म त्यांनी उचलून झटकला होता. "चढलास, बांधलंस, उतरलास. फॉर्मवर एवढंच विचारलंय. वर्षभरानं चढलास, जरा गडबड होणारच. मी सही करतो."

"नका करू, साहेब."

"अरे, पागल आहेस का?" जोडीदार धापा टाकत आला होता. "मी आहे ना खाली! तू ओरड, मी पाडत जाईन. रोज दहा वेळा ओरड. मला काय, पळायचं आहे."

"आज ओरडलो," खारोबा म्हणाला. "उद्याही ओरडेन. परवा मात्र मी म्हणेन, हा माझाच हात आहे, याचं काय ऐकायचं. आणि नेमकी त्या दिवशी लाईन चालू असेल. शिडी तू धरलेली असशील."

जोडीदारानं बाहीनं तोंडावरचा घाम पुसला.

"एकदा असं केलंय मी," खारोबा हळू आवाजात म्हणाला. "तेव्हा उलटं केलं होतं. आजार होता, त्याला करंट समजलो. आता करंट आला तर त्याला आजार समजेन." तो साहेबांकडे वळला. "चढता येतं असं लिहा, साहेब. तेवढं लिहाच. पण वर पाठवू नका."

साहेबांनी तसं लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. जमलेल्या माणसांना एकाएकी आपापली कामं आठवली. खारोबा बेल्ट काढायला लागला, पण हात इतके दमले होते की पट्टा बकलातून निघेना. जोडीदार पुढे झाला आणि मान खाली घालून त्यानं तो काढून दिला.

पुढच्या सोमवारपासून खारोबा तक्रारीच्या खोलीत बसायला लागला. एक टेबल, दोन टेलिफोन, एक जाड वही, आणि खिडकी अशा ठिकाणी की तिच्यातून एकही खांब दिसत नाही. पहिले दोन दिवस त्यानं फोन कानाला लावून फक्त "हो" आणि "पाठवतो" एवढंच म्हटलं. तिसऱ्या दिवशी सकाळपासून जोराचा वारा होता. तारा तुटल्या, फांद्या पडल्या, दोन्ही फोन एकामागोमाग एक वाजत राहिले.

"अहो, दोन तास झाले! लाईन कधी येणार?" एक बाई ओरडत होत्या.

"बाई, माणूस वर आहे."

"तो काल पण वरच होता म्हणे! तुमचं काय जातं, तुम्ही खुर्चीत बसून बोलताय. चालू करा आधी."

"माणूस वर आहे," तो पुन्हा म्हणाला, तितक्याच शांतपणे. "तो उतरेपर्यंत लाईन चालू होणार नाही. मी होऊ देणार नाही."

बाईंनी फोन आपटला. त्यानं रिसीव्हर खाली ठेवला आणि दुसऱ्या फोनकडे बघत बसला. त्याच फोनवर जोडीदाराचा आवाज यायचा होता. साडेबारा झाले. जेवणाची सुट्टी झाली, पण तो उठला नाही. बाहेर खिडकीची झडप वाऱ्यानं आपटत होती, आणि त्याच्या ध्यानात आलं की आपली बायको वर्षानुवर्षं अशीच बसत असणार.

बारा वाजून चौतीस मिनिटांनी फोन वाजला.

"उतरलो," जोडीदार म्हणाला. त्याला दम लागला होता.

"दोन्ही पाय जमिनीवर?"

"दोन्ही."

"सगळे?"

"सगळे रे. मोजले मी."

त्यानं स्विचच्या खोलीला लाईन सोडायला सांगितलं. मग वही पुढे ओढली आणि उजव्या हातात पेन घट्ट धरून वेळ लिहिली, आणि वेळेपुढे दोन शब्द: माणूस खाली. अक्षर वाकडंतिकडं आलं, पण वाचता येत होतं.